जुलैत गळणारी पानं, नोव्हेंबरातला इलाज

वाचकाचं पत्र

नमस्कार,
आम्ही न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळ राहतो. घर घेतलं तेव्हाच मागच्या अंगणात सफरचंदाची दोन मोठी झाडं होती. आधीच्या मालकीणबाई म्हणाल्या होत्या, एक मॅकिन्टॉश आणि दुसरं गोल्डन डिलिशियस. फुलं दोन्हींना भरभरून येतात. पण मॅकिन्टॉशच्या पानांवर मे महिन्यात काळपट हिरवे डाग पडतात, मग पानं पिवळी होऊन जुलैपासून गळायला लागतात. आत्ता ऑगस्टमध्ये झाड अर्धं उघडं झालंय, फळांवर खरखरीत काळ्या खपल्या आणि तडे आहेत. गोल्डनच्या पानांवर चकचकीत नारिंगी ठिपके आहेत आणि हल्ली पानाच्या खालच्या बाजूने बारीक केस फुटल्यासारखं दिसतं. रोग एका झाडावरून दुसऱ्यावर गेला का? जुलैत दुकानातून फळझाडांचा तयार स्प्रे आणून मारला, काही फरक पडला नाही. सासरे निफाडचे, त्यांनी आयुष्यभर द्राक्षबाग केली. ते म्हणतात, सरळ बोर्डो मार. नवरा म्हणतो, मुलं खातात ती फळं, विष नको, त्यापेक्षा झाडंच काढून टाकू. शेजाऱ्यांच्या कुंपणाला सीडरची रांग आहे, त्यांचा काही संबंध असेल का? मला झाडं काढायची नाहीत. काय करू?
– एक वाचक

उत्तर

नमस्कार ताई,

झाडं काढू नका. आणि आत्ता काही फवारूही नका. हे दोन्ही आधी सांगते, कारण पत्र वाचून वाटलं की पुढच्या शनिवार-रविवारी तुम्ही पुन्हा पंप हातात घ्याल. ऑगस्टमध्ये काहीही मारलं तरी गळलेलं पान परत येत नाही आणि फळावरची खपली पुसली जात नाही. तुमच्या मॅकिन्टॉशचं यंदा जे झालं ते एप्रिल-मेच्या पावसात ठरलं, आणि त्याची तयारी गेल्या नोव्हेंबरात झाडाखाली पडून राहिलेल्या पानांत झाली होती. तेव्हा कामाचे महिने बदलायला हवेत. पानं गळताना दिसतात उन्हाळ्यात, पण इलाज करायचा पानझडीत आणि वसंतात.

तुम्ही पत्रासोबत पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. तुमच्याकडे एक रोग नाही, दोन आहेत, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मॅकिन्टॉशवर स्कॅब आहे, म्हणजे पानांवर डाग आणि फळांवर खपल्या पाडणारा बुरशीचा रोग. तिसऱ्या फोटोतलं पान फार बोलकं आहे. डागाची कड रेखीव नाही, पिसासारखी विरत गेली आहे, वर काळपट ऑलिव्ह रंगाची मखमल आहे आणि डागाखाली पान थोडं फुगून वाकडं झालं आहे. अशा ताज्या डागावरून बोट फिरवलं तर काजळीसारखं काही लागतं. ते त्या बुरशीचे बीजाणू. बुरशीचं नाव व्हेंच्युरिया इनइक्वालिस. मॅकिन्टॉश ही जात या रोगाला अगदी सहज बळी पडते; स्कॅबवर काम करणारे लोक रोगट पान हवं असलं की हमखास मॅकिन्टॉशकडे जातात.

गोल्डनवर तांबेरा आहे, इकडे ज्याला सीडर-अॅपल रस्ट म्हणतात तो. वरून नारिंगी ठिपका, मध्ये बारीक काळे टिंब, आणि ऑगस्टच्या सुमाराला पानाच्या खाली त्याच जागी छोट्या नळ्यांचा झुबका. तुम्हाला केस वाटले ते हेच. गोल्डन डिलिशियसला हा तांबेरा पटकन होतो, मॅकिन्टॉशला जवळजवळ होत नाही. स्कॅबचं याच्या उलट: मॅकिन्टॉशला सर्वांत जास्त, गोल्डनला त्यामानाने कमी. म्हणून शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन झाडांवर दोन वेगळे रोग दिसताहेत. एकाने दुसऱ्याला दिलेलं नाही.

इथे एक शंका मी माझ्यापुरती तपासून पाहिली. पानं पिवळी पडून अवेळी गळण्याचा आणखी एक बुरशीजन्य रोग आहे, मार्सोनिना. हिमाचल, उत्तराखंड आणि काश्मीरच्या बागांमध्ये पावसाळ्यात झाडंच्या झाडं उघडी पाडणारा तो हाच, आणि आता अमेरिकेच्या पूर्व भागातही तो दिसू लागला आहे. पण तो साधारण उन्हाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होतो, त्याच्या तपकिरी डागांत टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके असतात आणि मखमल नसते. तुमचे डाग मे महिन्यापासून आहेत, मखमली आहेत, आणि फळांवर बुचासारखी खरखरीत खपली आहे. त्यामुळे स्कॅबच. तरीही खात्री करून घ्यायची असेल तर रटगर्स विद्यापीठाच्या वनस्पती रोगनिदान प्रयोगशाळेत थोडं शुल्क भरून पानं पाठवता येतात. ताजी, अर्धवट रोगट पानं पाठवा. पूर्ण वाळलेल्या पानावरून कुणालाच काही सांगता येत नाही.

आता स्कॅब चालतो कसा, ते नीट सांगते. हे एकदा कळलं की पुढचं सगळं वेळापत्रक तुम्ही स्वतःच लावाल.

ही बुरशी हिवाळा काढते ती गळून पडलेल्या पानांत. बर्फाखाली, ओल्या लॉनवर, झुडपांच्या बुंध्याशी अडकलेल्या पानांत ती जिवंत असते. मार्चअखेर-एप्रिलमध्ये तुमच्या झाडाच्या कळ्यांना हिरवं टोक दिसू लागतं, त्याच सुमाराला त्या कुजक्या पानांतले बीजाणूही पिकायला लागतात. पाऊस पडला, पानं भिजली, की ते हवेत उडतात आणि वरच्या कोवळ्या पालवीवर बसतात. पण बसले म्हणून लगेच रोग होत नाही. पान सलग काही तास ओलं राहावं लागतं. १० अंश सेल्सियसला सुमारे ११ तास, आणि १६ ते २४ अंशांच्या दरम्यान फक्त ६ तास. हे गणित मांडायला सुरुवात केली ती कॉर्नेल विद्यापीठातल्या डब्ल्यू. डी. मिल्स यांनी, १९४० च्या दशकात. नंतरच्या संशोधकांनी तासांचे आकडे सुधारले, पण जगभरच्या सफरचंद बागा अजूनही त्याच विचारावर चालतात.

रोग लागल्यावर डाग दिसायला दीड-दोन आठवडे जातात. म्हणजे मेच्या मध्यावर तुम्हाला दिसलेला डाग एप्रिलअखेरच्या किंवा मेच्या सुरुवातीच्या एखाद्या पावसाचा असतो. फुलोऱ्याच्या आधीपासून पाकळ्या गळेपर्यंतचा काळ सर्वांत धोक्याचा. जूनच्या मध्यापर्यंत जमिनीवरच्या पानांतला बीजाणूंचा साठा संपतो. तोवर झाड स्वच्छ राहिलं तर उरलेला उन्हाळा बराचसा निवांत जातो. पण तोवर डाग पडले असतील तर प्रत्येक डागावरची ती काजळी पावसाच्या थेंबांबरोबर पानावरून पानावर, पानावरून फळावर जात राहते, पार सप्टेंबरपर्यंत. तुमच्याकडे हेच झालं. जुलैतला तुमचा स्प्रे वाया गेला तो यामुळे. औषध खोटं नव्हतं, वेळ टळून गेली होती.

आता पानांकडे येते. माझ्या मते घरच्या झाडासाठी सर्वांत मोलाचं काम हेच आहे आणि त्याला बाटलीतलं काहीच लागत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानं गळायला लागली की ती झाडाखाली राहू देऊ नका. गोळा करून टाउनशिपच्या पानांच्या गाडीला द्या. नाहीतर लॉन मोअर त्यांच्यावरून दोन-तीनदा फिरवा, इतका की पानाचा चुरा व्हावा. चुरा झालेलं पान लवकर कुजतं, गांडुळं ते ओढून नेतात, आणि बुरशीला हिवाळा काढायला घरच उरत नाही. न्यू हॅम्पशायरमधल्या बागांत केलेल्या प्रयोगांत पानांचा सगळा कचरा असा दळला गेला तेव्हा वसंतातले बीजाणू ८० ते ९० टक्क्यांपर्यंत घटले होते. कुठल्याही फवाऱ्याच्या तोडीचा हा आकडा आहे. फक्त 'सगळा' हा शब्द मनावर घ्या. मोअर मोकळ्या लॉनवर फिरतो. पानं साठतात कुंपणाच्या कडेला, डेकच्या खाली, हायड्रेंजियाच्या बुंध्याशी. तिथली रेकने ओढून आधी मोकळ्यावर आणा आणि मग मोअर चालवा. शेवटची पानं डिसेंबरात गळतात, तेव्हा पुन्हा एक फेरी हवी.

व्यावसायिक बागांत गळलेल्या पानांवर युरियाचं ५ टक्के द्रावण मारतात, म्हणजे १० लिटर पाण्याला अर्धा किलो. नत्रामुळे पान लवकर कुजतं. तुमच्या सासऱ्यांना हे लगेच पटेल. पण न्यू जर्सीत १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात घरमालकांनी लॉनवर नत्र किंवा स्फुरदयुक्त खत टाकायला कायद्याने बंदी आहे, आणि तुमची बरीच पानं त्या तारखेच्या आसपासच गळतात. दोन झाडांसाठी त्या भानगडीत पडू नका. मोअर पुरेसा आहे.

आत्ता, ऑगस्टमध्ये, जी पानं गळताहेत तीही उचलत राहा. त्यातून पुढच्या वर्षीचा साठा कमी होतो. झाडाला नत्राचं खत मात्र आता घालू नका. उशिरा फुटलेली कोवळी पालवी थंडीत मार खाते. पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा बुंध्यापाशी सावकाश, खोलवर पाणी द्या. अर्धी पानं गेलेल्या झाडाला उरलेल्या पानांवर पुढच्या हंगामाची तयारी करायची आहे.

पाण्यावरून आठवलं. दुसऱ्या फोटोत लॉनचा स्प्रिंकलर दिसतोय आणि त्याचा फवारा थेट खालच्या फांद्यांवर जातोय. तो रात्री किंवा संध्याकाळी चालत असेल तर तुम्ही त्या पानांना रोज फुकटात ओलावा देताय. त्या नोझलचा कोन खाली करा किंवा ते बंदच करा. हे आजच करण्यासारखं आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये, झाड झोपेत असताना, छाटणी करा. फोटोवरून झाड आतून फार दाट झालंय. आत ऊन आणि वारा गेला तर पावसानंतर पान दोन-तीन तास लवकर वाळतं, आणि वरचे तास आठवा, तेवढाच फरक रोग लागण्यात आणि न लागण्यात असू शकतो. एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, सरळ वर गेलेले पाणफुटवे, आत वळलेल्या फांद्या काढा. उंचीही खाली आणा, कारण जमिनीवरून पंप पोहोचत नसलेल्या झाडाला फवारणं निरर्थक आहे. पण एका हिवाळ्यात फार कापू नका. दोन-तीन वर्षांत हळूहळू आकार द्या. झाडावर वाळून राहिलेली काळी फळं असतील तर तीही तोडून टाका. त्यांच्यात दुसरी एक बुरशी राहते, जी पानांवर जांभळ्या कडेचे गोल ठिपके पाडते.

आता बोर्डो. सासऱ्यांचा सल्ला झिडकारू नका, पण तारीख लावून घ्या. मोरचूद आणि चुना यांचं मिश्रण १८८० च्या दशकात फ्रान्समधल्या बोर्डो भागात द्राक्षाच्या केवडा या बुरशीजन्य रोगासाठीच वापरात आलं, आणि निफाडच्या बागायतदाराचा त्यावर विश्वास असणं स्वाभाविक आहे. सफरचंदावरही तांबं स्कॅबला रोखतं. अडचण फळाच्या सालीची आहे. कळीतून साधारण पाव ते अर्धा इंच हिरवं बाहेर आलं की त्यानंतर तांबं मारलं तर फळाची साल तपकिरी, खरबरीत होते, आणि गोल्डन डिलिशियसची साल या बाबतीत विशेष नाजूक. म्हणून तांबं एकदाच: कळीचं टोक चंदेरी दिसतं तिथपासून हिरवं टोक डोकावेपर्यंत. घरी मोरचूद विरघळवत बसू नका. दुकानात सफरचंदासाठी नोंदणी झालेलं तयार ताम्रयुक्त औषध मिळतं, ते लेबलवरच्या प्रमाणात वापरा.

सासऱ्यांकडून शिकण्यासारखी खरी गोष्ट दुसरीच आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पावसाची बातमी आली की द्राक्षवाले पाऊस यायच्या आधी फवारतात, नंतर नाही. स्कॅबलाही तेच लागू आहे. गंधक आणि कॅप्टन (captan) ही दोन्ही बुरशीनाशकं पानावर आधीपासून बसलेली असतील तरच उपयोगी. आत शिरलेल्या बुरशीला ती काही करत नाहीत. एप्रिलमध्ये हवामानाचा अंदाज बघायचं काम त्यांच्याकडे सोपवा. कॉर्नेल विद्यापीठाच्या 'एनईडब्ल्यूए' या संकेतस्थळावर जवळचं हवामान केंद्र निवडलं की कोणत्या पावसात स्कॅबचा धोका आहे, किती टक्के बीजाणू पिकलेत, हे रोजच्या रोज दिसतं. न्यू जर्सीतली केंद्रंही त्यात आहेत आणि ते विनामूल्य आहे. त्यांना त्यात रस वाटेल.

मॅकिन्टॉशच्या फवारण्या अशा लावा. पहिली, अर्धा इंच हिरवं दिसल्यावर. दुसरी, कळ्यांचे गुच्छ गुलाबी झाल्यावर. तिसरी, पाकळ्या गळल्यावर, म्हणजे तुमच्याकडे साधारण मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. त्यानंतर दर ७ ते १० दिवसांनी आणखी दोन किंवा तीन, जूनच्या सुरुवातीपर्यंत. फुलोरा लांबला आणि मध्येच मोठा पाऊस येणार असेल तर फक्त बुरशीनाशक, तेही सूर्यास्ताच्या वेळी, मधमाश्या घरी गेल्यावर. इंचभर पाऊस झाला की निम्मं औषध धुतलं गेलं असं समजायचं. जूनच्या मध्यावर शिडी लावून झाड नीट पाहा, पानांच्या दोन्ही बाजू. डाग नसतील तर थांबा. असतील तर फळं वाचवण्यासाठी पुढेही दोन-तीन फवारण्या लागतील.

गंधक की कॅप्टन? कॅप्टन जास्त भरवशाचं आहे. गंधक सेंद्रिय शेतीत चालतं आणि तुमच्या सासऱ्यांच्या भुरीच्या अनुभवामुळे घरात ओळखीचंही असेल, पण ते लवकर धुतलं जातं, म्हणून आठवड्याचा नेम चुकवून चालत नाही. दोन्हींना एक पथ्य सारखंच आहे: हिवाळी तेलाच्या (झोपेतल्या झाडावर किडींसाठी मारतात त्या) फवारणीच्या आधी किंवा नंतर दोन आठवडे ती मारायची नाहीत, पानं करपतात. गंधक ३० अंशांच्या वर तापमान असेल तर नको. कॅप्टन डोळ्यांना गंभीर इजा करू शकतं, तेव्हा गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय बाटली उघडायचीसुद्धा नाही.

तुम्ही जुलैत आणलेल्या स्प्रेची बाटली पुन्हा एकदा वाचा. फळझाडांसाठीच्या तयार स्प्रेंमध्ये बऱ्याचदा बुरशीनाशकाबरोबर कीटकनाशकही मिसळलेलं असतं. असलं औषध फुलोऱ्यात मारलं तर मधमाश्या मरतात. त्यात कार्बारिल हे कीटकनाशक असेल तर पाकळ्या गळल्यानंतरच्या काही आठवड्यांत ते कोवळी फळंही गाळतं. बागायतदार फळांची विरळणी करायला तेच वापरतात. फक्त बुरशीनाशक असलेली बाटली घ्या. लेबलवर सफरचंदाचं नाव छापलेलं आहे का बघा. काही बाटल्या फक्त गुलाब आणि शोभेच्या झाडांसाठी असतात. काढणीच्या आधी किती दिवस थांबायचं, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

नवऱ्याच्या काळजीबद्दल थोडं. मुलं खातात ती फळं, त्यामुळे त्यांनी हा प्रश्न विचारणं बरोबरच आहे. त्यांना सांगा की बहुतेक फवारण्या फळ बोराएवढं व्हायच्या आधीच संपतात आणि मॅकिन्टॉश तोडायला सप्टेंबर उजाडतो. आणि नोव्हेंबरात पानं जितकी नीट साफ होतील तितक्या फवारण्या कमी लागतील. रासायनिक औषध नकोच असं ठरलं, तर पानं दळणं, छाटणी आणि गंधक एवढ्यावर चला. काही फळांवर डाग राहतील, पण झाड उघडं पडणार नाही. स्कॅबचे डाग असलेलं फळ खायला सुरक्षित आहे. साल काढा आणि द्या. मुरांबा किंवा सॉस करायला ती फळं उत्तम. फक्त तडा जाऊन आत कुजलेली फळं फेकून द्या. नुसता कुजका भाग कापून बाकीचं वापरू नका, कारण कुजीतल्या काही बुरशींचं विष चांगल्या दिसणाऱ्या गरातही उतरतं.

झाड मरेल का, ही तुमची भीती पत्रात स्पष्ट लिहिलेली नाही, पण जाणवते. एका वर्षाच्या स्कॅबने सफरचंद मरत नाही. वर्षामागून वर्ष जुलैत पानं गेली तर मात्र ते खंगतं, कारण पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे याच उन्हाळ्यात तयार होतात आणि त्यांना पोसायला पानं हवीत. तुमच्याकडे अजून भरभरून फुलं येतात, म्हणजे झाडात जीव चांगला आहे. काश्मीरमध्ये १९७३ साली स्कॅबची मोठी साथ आली होती, तरी तिथे सफरचंदाच्या बागा आजही उभ्या आहेत, आणि त्या याच शिस्तीवर: पानांची सफाई आणि पावसाच्या आधी फवारणी.

आता गोल्डन आणि शेजाऱ्यांचे सीडर. होय, संबंध आहे. हा तांबेरा जगायला दोन झाडं लागतात, एक सफरचंद आणि एक पूर्वेकडचा रेड सीडर, जो खरं तर जुनिपर आहे. सीडरच्या फांद्यांवर तपकिरी गाठी असतात. एप्रिल-मेच्या पावसात त्या गाठींतून नारिंगी जेलीसारखी शिंगं बाहेर येतात. पावसानंतर कुंपणापाशी जाऊन बघा, एकदा पाहिलं की विसरणार नाही. तिथून उडालेले बीजाणू सफरचंदाच्या कोवळ्या पानांवर ठिपके पाडतात. आणि आत्ता तुमच्या पानाखाली ज्या नळ्या दिसताहेत त्यांतले बीजाणू पुन्हा सीडरवर जातील. सफरचंदावरून सफरचंदावर तांबेरा जात नाही. म्हणून गोल्डनची गळलेली पानं उचलल्याने तांबेरा कमी होणार नाही. ती उचलायची ती स्कॅबसाठी.

शेजाऱ्यांना सीडर तोडायला सांगावं का? नका सांगू. हे बीजाणू वाऱ्याबरोबर मैल-दोन मैल सहज येतात आणि न्यू जर्सीत रस्त्याच्या कडेला, पडीक शेतात हे सीडर भरपूर आहेत. कुंपणाची झाडं तोडून संबंध बिघडतील आणि तांबेरा थोडासाच कमी होईल. या झाडांवरून माणसं कोर्टात गेलेली आहेत. व्हर्जिनियात १९१४ च्या कायद्याने सफरचंदाच्या बागांजवळचे सीडर तोडण्याचा अधिकार सरकारला मिळाला, सीडरवाल्यांनी दाद मागितली, आणि १९२८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. तिथे अख्ख्या जिल्ह्याचं उत्पन्न पणाला लागलेलं होतं. तुमच्या एका झाडासाठी त्या टोकाला जायचं कारण नाही. शेजारी स्वतःहून तयार असतील तर मार्चच्या आधी हाताला लागणाऱ्या गाठी कापून टाकायला मदत करा, एवढंच.

गोल्डनला फवारायचंच असेल तर कॅप्टन नको, तांबेऱ्यावर ते चालत नाही. गंधकही फारसं नाही. मायक्लोब्यूटॅनिल हे औषध चालतं: कळ्या गुलाबी झाल्यापासून पाकळ्या गळल्यानंतर तीन-चार आठवड्यांपर्यंत, ७ ते १० दिवसांच्या अंतराने, ऐन फुलोऱ्यात नाही. मॅकिन्टॉशवरही हेच एक औषध मारून मोकळं व्हावंसं वाटेल, पण ईशान्य अमेरिकेत बऱ्याच ठिकाणच्या स्कॅबला त्याची सवय झाली आहे, त्यामुळे एकट्या त्याच्यावर विसंबू नका. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी गोल्डनला तांबेऱ्यासाठी काहीच मारू नका. ठिपके दिसायला भडक असतात, पण पानं टिकून आहेत आणि फळं चांगली आहेत असं तुमच्याच फोटोत दिसतंय. सगळी शक्ती मॅकिन्टॉशवर लावा.

आणि दोन हंगाम हे सगळं नीट करूनही मॅकिन्टॉश ऐकत नसेल, तर ते काढायला माझी हरकत नाही. तेव्हा जात निवडून लावा. पर्ड्यू, रटगर्स आणि इलिनॉय या तीन विद्यापीठांनी मिळून स्कॅबला दाद न देणाऱ्या जाती काढल्या, त्यासाठी जपानी फुलांच्या जंगली सफरचंदातला एक गुण त्यांत आणला. प्रिमा, प्रिस्टीन, एंटरप्राइज, गोल्डरश या त्या जाती. यांतली गोल्डरश चवीला फार छान, पण तांबेऱ्याला लगेच बळी पडते, तेव्हा सीडरच्या रांगेशेजारी ती नको. तुमच्या जागेला मी लिबर्टी सुचवेन. ती न्यू यॉर्कमधल्या जिनीव्हाच्या संशोधन केंद्राने १९७८ मध्ये दिली, स्कॅब आणि तांबेरा दोन्हींपुढे ठाम उभी राहते, आणि मॅकिन्टॉशच्याच वंशातली असल्याने चवही ओळखीची लागेल. युरोपात काही ठिकाणी स्कॅबने या जातींवरही मात केली आहे, म्हणून लिबर्टी लावली तरी पानं दळणं सोडू नका. बुटक्या खुंटावरची घ्या, म्हणजे फवारायला आणि तोडायला शिडी लागणार नाही. मातीशिवाय येणारी उघड्या मुळांची कलमं नर्सऱ्या मार्च-एप्रिलमध्ये पाठवतात, पण लिबर्टीसारख्या जाती लवकर संपतात, तेव्हा ऑर्डर जानेवारीतच नोंदवून ठेवा.